तीन भाकरी उसन्या: प्रार्थनासभेतून सेवेला कसं निघायचं

सहा बुधवार आम्ही एका आजींच्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली. जालन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, बुधवारची प्रार्थना कुणा ना कुणाच्या घरी असते. आजी तिथून दोन घरं पलीकडे राहायच्या. भिंतीला हात लावत यायच्या, आणि दाराशी चपला काढल्या की कुठं ठेवल्या ते परत जाताना सापडावं म्हणून पायानं चाचपून एका कोपऱ्यात सरकवायच्या. त्यांचं नाव घेऊन आम्ही अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी आणून मागायचो. सातव्या बुधवारी त्या आल्या त्या एका डोळ्यावर पट्टी बांधून. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या पोरानं त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं होतं. तो पोरगा आमच्या मंडळीचा नाही. आम्ही प्रार्थना करतोय हेही त्याला ठाऊक नव्हतं.

आजी रागावल्या नव्हत्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘बाई, देवाला तर तुमी सांगितलंत. पर मला कुणी इचारलं न्हाई, कवा जायाचं म्हणून.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. देवानं ऐकलं होतं, यात मला शंका नव्हती. त्यानं उत्तर द्यायला आमच्यातलंच कुणीतरी आधी शोधलं असेल आणि कुणी उठलं नसेल, हा विचार काही केल्या जाईना. त्यानंतरच्या चार वर्षांत आम्ही आमची प्रार्थनासभा हळूहळू बदलली. ते कसं केलं, कुठं चुकलो, काय जमलं, ते इथं क्रमानं लिहिते. मराठवाड्यातल्या एखाद्या लहान मंडळीला, महिला मंडळाला, तरुण संघाला, किंवा घरात चारच माणसं मिळून प्रार्थना करत असतील तर त्यांनाही हे करता येईल.

आधी शास्त्रातली एक गोष्ट नीट वाचा

लूकच्या अकराव्या अध्यायात शिष्य येशूला म्हणतात, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. येशू त्यांना प्रभूची प्रार्थना शिकवतो आणि लगेच एक दाखला सांगतो. मध्यरात्री एक माणूस मित्राचं दार ठोठावतो आणि तीन भाकरी उसन्या मागतो. हा दाखला आपण नेहमी चिकाटीसाठी सांगतो: मागत राहा, ठोठावत राहा. ते बरोबरच आहे. पण मागणारा स्वतः उपाशी नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. त्याच्या घरी वाटसरू आलाय, त्याच्यापुढं ठेवायला काही नाही, म्हणून तो मागतोय. म्हणजे प्रार्थना शिकवताना येशूनं जो माणूस आपल्यासमोर उभा केला, तो दुसऱ्याच्या पोटासाठी अंधारात घराबाहेर पडलेला आहे. आणि भाकरी मिळाल्यावर त्या घरी नेऊन वाढायच्या आहेतच, त्या कामातून त्याची सुटका नाही.

असंच मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी आहे. पीक पुष्कळ आहे, कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याजवळ कामकऱ्यांसाठी मागा, असं येशू शिष्यांना सांगतो. दहावा अध्याय उघडला की ज्यांना मागायला सांगितलं त्याच बारा जणांना तो कामावर धाडतो. अध्यायाचा आकडा मध्ये येतो म्हणून आपण तिथं थांबतो. थांबू नका, सलग वाचा.

पहिला आठवडा: प्रभूची प्रार्थना आपल्या शब्दांत ऐका

पहिला आठवडा काहीच काम काढू नका. फक्त प्रभूची प्रार्थना रोज एकदा सावकाश म्हणा आणि प्रत्येक ओळीला थांबा. आपल्या मराठी प्रार्थनेत दोन शब्द असे आहेत की ते मराठवाड्याच्या मातीतूनच आल्यासारखे वाटतात.

एक, भाकर. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ जोंधळ्याची भाकर थापणाऱ्या बाईला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. पण ‘आम्हाला’ या शब्दावर बोट ठेवा. पूर्ण प्रार्थनेत ‘मी’ नाही, ‘मला’ नाही. माझ्या डब्यात पीठ आहे आणि पलीकडच्या घरात नाही, तर माझ्या तोंडचं ‘आम्हाला’ अजून पुरं झालेलं नाही.

दुसरा शब्द ऋण. मत्तयाच्या मराठी पाठात आपण पाप किंवा अपराध म्हणत नाही. आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडलं, तशी आमची ऋणं सोड, असं म्हणतो. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच, कर्जाचाच आहे. अर्थ पापक्षमेचा आहे, हे खरंच. तरी ज्या भागात सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज, खासगी सावकाराचं कर्ज आणि ऊसतोडीची उचल हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, तिथं ही ओळ म्हणताना एखाद्या घराचा चेहरा डोळ्यांपुढं यायला हवा. आठवडाभरात तुमच्यापुढं जे चेहरे आले ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या पायरीला लागतील.

वही घाला

आमच्या बदलाची खरी सुरुवात चाळीस रुपयांच्या एका लांब वहीनं झाली. प्रार्थना विनंत्या आम्ही आधीही घ्यायचो, पण तोंडी. सभा संपली की त्या हवेत जायच्या. आता त्या वहीत लिहितो. पानावर पट्टीनं चार उभे रकाने आखलेत: कुणासाठी, काय मागणं आहे, आपल्यातलं कोण जाणार, कधी जाणार. पाचवा रकाना पुढं कधीतरी आखला, त्याचं नंतर सांगते.

तिसरा रकाना भरताना पहिले काही बुधवार फार अवघड जातात, ही पूर्वकल्पना असू द्या. विनंती सांगताना सगळे बोलतात. ‘कोण जाणार?’ विचारलं की घरात पंख्याचाच आवाज ऐकू येतो. आमच्याकडं दुसऱ्या बुधवारी अकरा विनंत्यांपुढं दोनच नावं आली. मला वाईट वाटलं, पण पाळकसाहेब म्हणाले, अकरा कशाला घेता, आठवड्याला दोन-तीनच घ्या आणि त्या नीट करा. हा सल्ला सोन्यासारखा होता. बाकीच्यांसाठी प्रार्थना चालू राहतेच, त्यांचा नंबर येतो.

वहीत काय लिहायचं नाही, तेही ठरवून टाका. कुणाचा आजार कोणता, कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या अंगावर किती कर्ज आहे, असला मजकूर लिहायचा नाही. ‘अमुक मावशी, घरचं, भेट’ एवढं पुरे. प्रार्थना विनंतीच्या नावाखाली चुगली फार लवकर घुसते, आणि एकदा का माणसाला वाटलं की आपली गोष्ट बुधवारच्या बैठकीत चघळली गेली, की ते दार पुन्हा उघडत नाही. वही एकाच माणसाकडं राहू द्या, ती सभेत फिरवू नका.

मागण्याआधी बघून या

जुन्या करारातला नहेम्या, पारसच्या राजाच्या दरबारी चाकरी करणारा यहुदी, हा माझ्या मते प्रार्थना करणाऱ्यांचा खरा गुरू. यरुशलेमची तटबंदी पडल्याचं ऐकून तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने, तो त्याच एका मागण्याला धरून होता. मग राजाकडं रजा मागितली, लाकडासाठी पत्र मागितलं आणि निघाला. तिथं पोहोचल्यावर भाषण केलं नाही. रात्री थोडी माणसं बरोबर घेऊन तटाची पाहणी केली. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढं सरकायला वाटच उरली नाही. सगळं बघून झाल्यावर मग लोकांपुढं बोलला.

आपणही पाहणी करायची. ज्या घरासाठी मागतो त्या घरी आधी जाऊन बसायचं. कसं जायचं त्याचे आमचे थोडे नियम आहेत. दोघांनीच जायचं, त्यात एक बाई हवीच. शेतावर किंवा मजुरीला जाणाऱ्या घरी सकाळी जायचं नाही; दिवेलागणीनंतर, पण स्वयंपाकाची घाई संपल्यावर. रिकाम्या हातानं गेलं तरी चालतं, फळांची पिशवी घेऊन गेलं की माणूस उगाच अवघडतो. फोटो काढायचा नाही. उपदेश करायचा नाही. आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘सध्या सगळ्यात अवघड काय जातंय?’

या प्रश्नाची उत्तरं आपल्या अंदाजाशी क्वचितच जुळतात. एका अंथरुणाला खिळलेल्या काकांसाठी आम्ही बरं होण्याची प्रार्थना करत होतो. त्यांच्या बायकोनं सांगितलं, ‘ते बरे व्हतील तवा व्हतील, पर रातच्याला यांला कुशीवर वळवायला मला दुसरा हात लागतोय.’ त्या घराला रात्री दहा वाजता एक धट्टाकट्टा तरुण हवा होता, दहा मिनिटांसाठी. तरुण संघातल्या पाच पोरांनी पाळी लावली. एकाच कुशीवर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी वळवायला डॉक्टर सांगतात; दिवसाचं त्या माउलीनं सांभाळलं, रात्रीचं एक वळण पोरांनी उचललं आणि नंतरचं पहाटेचं काकूंच्या भावानं. काका पुढं आठ महिने होते. पोरं शेवटपर्यंत जात राहिली, आणि मातीला त्याच पाच जणांनी खांदा दिला.

प्रार्थनेत थांबायची जागा ठेवा

पाहणी करून आलात, की मग बुधवारी प्रार्थना. तिचा क्रम आम्ही थोडा बदलला. आधी एक गीत, मग वचन, मग वहीतली दोन-तीन नावं वाचायची आणि पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही. आपल्या मंडळ्यांना शांततेची सवय नाही, हे मी प्रेमानं म्हणते. एकानं संपवलं की दुसरा सुरू करतो, जणू मध्ये जागा सुटली तर देव उठून जाईल. पण आपणच बोलत राहिलो तर ‘कोणाला पाठवू?’ हा यशयाला ऐकू आलेला प्रश्न आपल्याला कधी ऐकू येणार?

शांततेनंतर प्रत्येक नावासाठी विचारायचं, यातलं आपल्या हातात काय आहे. ढोबळमानानं तीन प्रकार पडतात. काही गोष्टी आपण स्वतः करू शकतो: पाणी भरणं, डबा, सोबत, पोरांचा अभ्यास. काही आपल्याला जमत नाहीत, पण ज्याला जमतात त्याच्यापर्यंत माणसाला पोहोचवता येतं: डॉक्टर, तहसील, बँक, वकील. आणि काही फक्त देवाच्याच हातातल्या. असाध्य आजार, गेलेलं लेकरू. तिथं करण्यासारखं काही नसतं, म्हणून आपण जाणंच टाळतो. खरं तर तिथंच नुसतं जाऊन बसायचं असतं. दुःखानं कोसळलेल्या ईयोबाचे मित्र पुढं पुष्कळ चुकले, पण पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, एवढं त्यांनी बरोबर केलं.

हे ठरलं की मगच मोठ्यानं प्रार्थना, आणि ‘आमेन’च्या आधी तिसरा-चौथा रकाना भरायचा. ‘बघू’, ‘कुणीतरी जाईल’ असं लिहायचं नाही. नाव आणि वार. याकोबाच्या पत्रात उघड्या-उपाशी भावाला ‘सुखानं जा, ऊब घ्या’ म्हणणाऱ्याला जे विचारलंय, ते आपल्यालाच विचारलंय असं समजून लिहायचं.

मुठीचा हिशेब

‘आमची मंडळी गरीब, आम्ही काय देणार?’ हे मी फार वेळा ऐकलंय. जालन्याच्या माणसांनी तरी हे म्हणू नये. नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढं जालन्याला येऊन त्यांनी गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांमध्ये काम केलं. जवळच बेथेल हे गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. बायबलात उशाला धोंडा घेऊन झोपलेल्या याकोबानं त्या उघड्या रानाला ते नाव दिलं होतं. इथल्या बेथेलमध्ये आलेली माणसंही जवळजवळ तशीच, धोंड्यावर डोकं ठेवून निजणारी होती.

पैशांपासून सुरुवात करू नका, मुठीपासून करा. मिझोरामच्या ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो मंडळीच्या कामाला जातो. त्यांच्या मंडळ्या त्यावर उभ्या राहिल्या. आपल्याकडं तांदळाऐवजी ज्वारी घ्या. भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी एक मूठ वेगळ्या डब्यात. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरा. दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम, महिन्याला ३ किलो. वीस घरं असली तर महिन्याला ६० किलो. पीठ साठवू नका, त्याला पावसाळ्यात जाळी लागते. ज्वारीच काढा आणि डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्पणाच्या वेळी डबे पुढं आणायचे. आमच्याकडं पहिल्यांदा तो ढीग वेदीपुढं ओतला तेव्हा संडे स्कूलची लेकरं पुढं येऊन बघत राहिली, कारण त्यातल्या काही मुठी त्यांनीच टाकल्या होत्या.

ज्वारी वाटायची पद्धतही सांगते. रांग लावायची नाही. पाच-दहा किलोची पिशवी संध्याकाळी घरी पोहोचवायची, आणि ज्यानं नेली त्यानं कुठं नेली हे बोलायचं नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे वचन ज्वारीच्या पिशवीला जितकं लागू पडतं तितकं कशालाच नाही.

पैसा गोळा झालाच तर दोघांनी मोजायचा, दोघांनी सही करायची, महिन्याला हिशेब फळ्यावर लावायचा. पौलानंही वर्गणी नेताना एकट्यानं नेली नाही. कुणी बोट दाखवू नये म्हणून बरोबर माणसं घेतली, हे करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. यात संकोच नको.

मराठवाड्याचं वर्ष ओळखा

आपली प्रार्थना कॅलेंडरप्रमाणं चालते: उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान, नाताळ. गरजेचं कॅलेंडर वेगळं असतं. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

जूनमध्ये बियाणं आणि शाळा एकदम येतात. घरात असलेला पैसा सोयाबीनच्या आणि सरकीच्या पिशवीत जातो, वह्या मागं राहतात. तेव्हा वह्या द्यायच्या. सप्टेंबर-ऑक्टोबर हल्ली अतिवृष्टीचे झालेत. २०२५च्या सप्टेंबरात कित्येकांची शेतं मातीसकट खरडून गेली. अशा वेळी पहिल्या पंधरवड्यात कपडे आणि बिस्किटं इतकी येतात की ठेवायला जागा नसते. किल्लारीच्या भूकंपातही, ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटेनंतर, महाराष्ट्रभरातून मदत धावून आली. घरं पुन्हा उभी राहायला मात्र वर्षं लागली. लहान मंडळीनं तिसऱ्या महिन्यात जावं. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, माणसं मात्र तिथंच असतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून ऊसतोडीचे कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. गावात उरतात म्हातारे आई-वडील आणि शाळेत जाणारी पोरं. ज्या मंडळीला सेवा कुठून सुरू करावी कळत नाही, तिनं या एका गोष्टीपासून सुरू करावी: मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या वस्तीतल्या अशा प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्याचं नाव एकेका घरानं घ्यायचं. दिवसाआड डोकवायचं, बीपीची गोळी संपली का बघायचं, लेकाला फोन लावून द्यायचा. पोरांसाठी हंगामी वसतिगृह जवळ आहे का हे शाळेत विचारायचं, म्हणजे पोरगी आईबरोबर फडावर जाऊन शाळा सोडत नाही. आमच्या नाताळाच्या गीतगायनाची फेरीही आता याच घरांपासून सुरू होते. आधी ती साहेब लोकांच्या बंगल्यांपासून सुरू व्हायची.

मार्च ते जून पाणी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. टँकर आला की धावू शकणाऱ्याला पाणी मिळतं. तेव्हा ज्याला धावता येत नाही त्याच्या दोन घागरी कोण भरणार, हे बुधवारी ठरवायचं. शिष्याला गार पाण्याचा पेला दिल्याचंही प्रतिफळ चुकणार नाही असं येशू म्हणतो. मे महिन्यात आपल्याकडं त्या पेल्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही.

दवाखान्याची पायरी

हे काम बारमाही आहे आणि यात माहितीच जास्त लागते, म्हणून थोडं खोलात सांगते. खेड्यातला पेशंट संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, किंवा जिल्हा रुग्णालयात येतो तेव्हा निम्मी धांदल आजाराची असते, निम्मी कागदांची. केसपेपर कुठं, तपासणी कुठं, रिपोर्ट कधी, ही खिडकी की ती. मंडळीतल्या दोघा-तिघांनी एक दिवस रिकामं जाऊन सगळ्या खिडक्या पाहून याव्यात. मग पेशंटबरोबर गेल्यावर उपयोग होतो.

घरून निघताना आधार कार्ड, रेशनकार्ड, जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत घ्यायला सांगा. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या वेळीच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून काही होत नाही. नातेवाइकाला जेवायला आणि अंघोळीला सोडण्यासाठी दोन तास खाटेजवळ बसणं ही सर्वांत साधी आणि सर्वांत कमी केली जाणारी सेवा आहे.

रक्तासाठी आपल्या लोकांची यादी तयार ठेवा: नाव, गट, शेवटचं दान कधी. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५ हवं. पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. प्रभुभोजनात आपण ज्याचं रक्त आठवतो, त्याच्या नावानं एक पिशवी देणं मला फार अर्थाचं वाटतं. आमच्या तरुण संघानं उत्तम शुक्रवारच्या आदल्या आठवड्यात शिबिर घ्यायचं ठरवलं, ते त्यामुळंच.

कर्जाच्या घरी

इथं सगळ्यात जपून पाऊल टाकायचं. ज्या घरातल्या कर्त्या माणसाचं बोलणं कमी झालंय, जो रात्री झोपत नाही, जनावरं विकायला काढतोय, ‘माझ्यामागं पोरांचं बघा’ म्हणतोय, तिथं पुढच्या बुधवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं. ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ एवढं म्हणून परत यायचं नाही, आणि ‘आत्महत्या हे पाप आहे’ हे तर मुळीच नाही. त्यानं माणूस आणखी आत जातो. सरळ विचारायचं, ‘भाऊ, जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्यानं तो विचार मनात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं घरातून हलवायची, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर (ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) त्याच्यासोबत बसून फोन लावायचा. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं न्यायचं. प्रार्थना करायचीच. त्याचा हात हातात घेऊन, त्याला चालत असेल तर.

माणूस गेल्यावर मागं राहिलेल्या बाईला कागदांचं जंगल लागतं. मृत्यूचा दाखला, सातबाऱ्यावर वारस नोंद, बँकेचं खातं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. सेतू केंद्रात आणि तहसीलला तिच्याबरोबर जाणारी एक शिकलेली बाई हवी. तीन फेऱ्या लागल्या तर तिन्ही वेळा तीच बाई. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात लोक ओरडून सांगतात, दुष्काळात धान्य घ्यायला आम्ही शेतं गहाण टाकली. आणि नहेम्या तट बांधायचं बाजूला ठेवून आधी त्या शेतांचं बघतो. आपल्या मंडळीतला कुणी व्याजानं पैसे देत असेल तर हा अध्याय त्याच्यासाठीही आहे.

सेवेच्या बदल्यात काही मागू नका

मराठवाड्यात ख्रिस्ती लोक थोडे. आपण ज्यांच्या दारी जाऊ त्यातले बहुतेक हिंदू, बौद्ध, मुस्लिम असतील. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेवर पडलेल्या जखमीला त्याचा देव विचारला नाही. तेल, द्राक्षारस, पट्टी, आपलं जनावर आणि उतारशाळेचे दोन रुपये, एवढंच त्या गोष्टीत आहे. ज्वारीच्या पिशवीत पत्रक टाकायचं नाही. ‘प्रार्थनेला या, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवायचं. कुणाच्या घरी मोठ्यानं प्रार्थना करायची असेल तर आधी विचारायचं, नको म्हटलं तर मनात करायची. ‘तुम्ही हे का करता?’ असं त्यांनी होऊन विचारलं तर मात्र लाजायचं नाही. कोणासाठी करतो त्याचं नाव सांगायचं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले नीतिमान लोक उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? त्यांना ठाऊकच नव्हतं. आमचा किराणावाला पोरगा मला त्या ओळीतला वाटतो.

थकलात तर

थकाल. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या दोघी चिडचिड्या झाल्या, मी त्यातली एक. आम्ही घरोघर फिरत होतो आणि स्वतःची सकाळची प्रार्थना बुडत होती. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू सूर्य मावळल्यावर रोग्यांना बरं करतो आणि पहाटे अंधारातच उठून एकांती प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात, सगळे तुझी वाट बघतायत म्हणतात. तो प्रार्थनेतून उठून म्हणतो, आपण जवळच्या दुसऱ्या गावांना जाऊ. कुठं जायचं आणि कुठं जायचं नाही, हे त्याला त्या पहाटे कळलं होतं. आम्ही आता महिन्यातला एक बुधवार कोणतंच काम न घेता नुसता प्रार्थनेला ठेवतो. आणि एका माणसाकडं सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त एकच घर ठेवत नाही.

पाचव्या रकान्याचं राहिलं. तो आजींच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आखला. त्या खेपेला आम्हीच नेलं. साखर आणि बीपी आधी तपासून घेतलं, डोळ्यात टाकायच्या थेंबांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहिल्या आणि महिनाभर थेंब घालायला चौघींनी दिवस वाटून घेतले. पट्टी निघाल्यावर पहिल्याच बुधवारी आजी भिंतीला हात न लावता आल्या, चपला दाराशी सोडल्या आणि माझ्या मांडीवरची वही मागून घेतली. वाचता येत नाही त्यांना. पानावरून नुसतं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘आता माझं नाव काढा. माझ्या जाऊबाईचं लिवा, तिलाबी धुरकट दिसतंय. बदनापूरला ऱ्हाती. बशीत तिच्यासंगं मी जाईन, मला रस्ता ठावं हाय.’

मी आखायची पट्टी घेऊन नवा रकाना आखला, त्यावर ‘पुढं कोण’ असं लिहिलं, आणि तिसऱ्या रकान्यात आजींचं नाव घातलं. वार त्यांनी सांगितला, सोमवार.